चार अंश मागे

दि. ९ जानेवारी

वन्सं, नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. आम्ही दोघं मजेत आहोत. यांची साखर आटोक्यात आहे, जेवण वेळेवर आहे, चष्मा नवा केलाय. वर्कशॉपला गिऱ्हाईक बघितलंत, आमच्यासाठी माडीवरची खोली रिकामी केलीत, सगळं वाचलं. त्याकडे येतेच. आधी इथलं सांगते.

फेरीबोटीचं इंजिन आलं होतं. व्हॉल्व्ह उघडणारा जुना कॅम झिजलेला, म्हणून नवा बसवला. क्रँकच्या आणि कॅमच्या गिअरांवरच्या खुणा समोरासमोर आल्या. बोटवाला म्हणाला, "जुळलं ना? मग लावा झाकण."

"खूण कारखान्यानं मारलीय," हे म्हणाले. "मोजल्याशिवाय झाकण लागणार नाही."

बरोबरच आहे. व्हॉल्व्ह भलत्या वेळी उघडून पिस्टनला भिडला, तर भरलेली बोट पाण्यात मधोमध बंद पडेल.

मी क्रँकवर अंशांची चकती लावली, पिस्टन अगदी वर कुठे येतो ते पक्कं केलं, व्हॉल्व्ह किती हलतो ते दाखवणारा डायल गेज टेकवला आणि क्रँक हळूहळू फिरवला. व्हॉल्व्ह पूर्ण उघडायला हवा तो अंश कॅमबरोबरच्या कागदावर एकशे आठ होता, माझा आला एकशे बारा.

"चुकलीस. परत बघ."

परत बघितलं. तेच.

"सरक, मी बघतो." हे वाकले. नाक गेजच्या काचेला टेकलं, तरी काटा सापडेना. मग चकतीवर बोटं फिरवत राहिले. बोटवाला टक लावून बघत होता. त्याला मी चहा सांगायला पिटाळलं.

वन्सं, नव्या चष्म्याचा काही उपयोग नाही. उन्हाळ्यापासून यांना माणूस आवाजावरूनच कळतो. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. ताईला कळवायचं नाही, अशी यांनी मला शपथ घातली होती.

हे स्टुलावर बसले. मग म्हणाले, "किती म्हणालीस?"

"एकशे बारा. दोन्ही वेळा."

"म्हणजे कॅम चार अंश मागे आहे. गिअर उतरव. त्याची चावी नवी करावी लागेल."

हे सांगत गेले तशी मी चावी, म्हणजे गिअरला दांड्यावर जागच्या जागी धरणारी पट्टी, चार अंशांच्या हिशेबानं घासली, गिअर चढवला, पुन्हा मोजलं. "एकशे आठ," मी म्हटलं. या वेळी 'परत बघ' आलं नाही.

इंजिन सुरू झालं तेव्हा हे त्यावर हात ठेवून उभे होते. बोट दुसऱ्या दिवशी पाण्यात गेली.

तेव्हा त्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवा. तुमच्याकडे यांना कशाची उणीव पडणार नाही, मला ठाऊक आहे. पण दिवसभर करतील काय? इथे मोजायचं मी आणि ठरवायचं यांनी. भीती मलाही वाटते. तरी वर्कशॉप बंद होणार नाही.

तुम्ही मात्र या. आधी लांबून हाक मारा, मग जवळ जा. यांच्यासमोर रडू नका. रडायचंच तर माझ्यापाशी, स्वयंपाकघरात.

हे पत्र यांना वाचून दाखवलंय. रागावले, मग पेन मागितलं.

तुमची भावजय

खालची सही तुमच्या भावाची. मी हात धरणार होते, नको म्हणाले. थोडी कागदाबाहेर गेलीय.