पाटाची उलटी बाजू

म्हैसूर, भाद्रपद शुद्ध षष्ठी, सन १९१२

आजपासून लाकडावर उठावाचं कोरीव काम शिकायचं. निश्चय पक्का. नव्या राजवाड्याचे दरवाजे पाहून आलो. चित्र राखायचं आणि भोवतीची जमीन खोदून काढायची, एवढंच तर आहे! आजोबा शिलेदार होते. तलवार धरलेल्या घराण्याला पटाशीचं काय मोठंसं?

कारणही आहे. लग्नानंतर वनजाचा हा पहिला दसरा. पिरियापट्टणहून जावयासह येईल. तिची आई तुळसी तिला राजाराणी देणार, म्हणजे दसऱ्याला मांडायच्या त्या लाकडी बाहुल्या. आमच्याकडे त्या आईकडून मुलीला जातात. बापाकडून काही जातच नाही. म्हणून मी स्वतःच्या हातानं गंडभेरुंड कोरून देणार. दोन डोक्यांचा पक्षी, खुद्द संस्थानचं चिन्ह. बापाचं नाव राहील.

शुद्ध अष्टमी

पटाश्या आणल्या. आंब्याची फळी आणली. पहिल्याच ठोक्याला दुभंगली. लाकूडच हलकं. कारागिराचा दोष नाही.

शुद्ध दशमी

जुनं, मुरलेलं सागवान हवं. आणि ते घरातच आहे! माळ्यावर बाहुल्यांच्या पेटीत, तळाशी, तुळसीचा लग्नातला पाट. तिची आईसुद्धा लग्नात त्याच पाटावर बसली होती, बेट्टदपुरात. दसऱ्याला राजाराणी त्यावरच उभे राहतात, आणि वनजाला पाटासकट जायचे आहेत. कोरायचं उलट्या बाजूला. पाट उलटून कोण बघतं? वनजा मात्र बघेल आणि थक्क होईल.

तुळसीला विचारावं असं मनात आलं. पण मग नवल काय उरलं? नवरात्रापर्यंत पेटी उघडायची पद्धत नाही. प्लॅन उत्तम.

पौर्णिमा

काम गोठ्यात चालतं. ठकठक कसली म्हणून तुळसीनं विचारलं. गव्हाण दुरुस्त करतो म्हणालो. थोड्या वेळानं तिनं दाराशी ताक आणून ठेवलं. ऑफिस करून वर एवढी मेहनत नको, अंगात उष्णता होईल म्हणाली. ताक घ्यायला लाज वाटली. तरी प्यालो.

डावी चोच उत्तम उठली आहे.

वद्य तृतीया

उजवं डोकं उडालं. लाकडाच्या रेषांच्या उलट पटाशी गेली. शिवाय गाय मध्येच हंबरली. डिझाइन बदललं. आता गरुड. त्याला एकच डोकं असतं. देवाचं वाहन, म्हणजे मुलीला अधिकच शुभ.

वद्य सप्तमी

पंखाशेजारी खड्डा पडला. बाकीची जमीन तेवढीच खोल करून घेतली. मग शेपटीकडे जास्त खोल गेलं. पुन्हा सगळं त्याच्या बरोबरीला आणलं. या गडबडीत पंख राहिले नाहीत. करायला गेलो गणपती अन् झालं माकड, अशी एक म्हण आहे. ती इथे लागू नाही. आता हा पोपट आहे.

यापुढे घाई नाही. रोज थोडं, डिसिप्लिननं.

वद्य एकादशी

आरपार.

जमीन सपाट करता करता पटाशी पलीकडे निघाली. वरच्या बाजूला, राजा उभा राहतो तिथेच, भोक. त्यातून गाय दिसते. तुळसीच्या आईचा पाट हा. मी काय करून बसलो!

आजच सांगणार.

वद्य त्रयोदशी

सांगितलं नाही. पितृपक्षात वाईट बातमी देऊ नये. भोकात मेण आणि भुसा दाबून भरला, पाट पेटीत ठेवला. लांबून बघितलं तर जवळजवळ दिसत नाही.

गव्हाण छान झाली असेल, म्हणून तुळसी बघायला गोठ्यात गेली होती. परत आली ती सरळ तांदूळ निवडायला बसली. तिला गव्हाणीतलं कळत नाही.

आश्विन शुद्ध प्रतिपदा

वनजा, जावई आले. सगळ्यांसमोर पेटी उघडली. तुळसीनं पाट उचलला आणि मेण गळून पडलं. मी सांगणारच होतो. तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात ती मटकन खाली बसली. अय्यो, कीड लागली की हो, म्हणाली. माझंच चुकलं, पेटीत कडुनिंबाचा पाला घालायला विसरले. आईनं जपलं ते मला जपता आलं नाही, म्हणत पदरात तोंड घालून रडली.

मी जावयाकडे वळून म्हणालो, हल्ली म्हैसुरात कीड फार.

जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

शुद्ध पंचमी

गल्लीतल्या बायका बाहुल्या बघायला येतात. राजाराणी साध्या फळीवर उभे. प्रत्येकीला तुळसी आपला निष्काळजीपणा सांगते. प्रत्येक वेळी मला बाहेर काम निघतं. आज सांगणार होतो, पण तिनं माझ्या आवडीचा पायस केला होता. असल्या दिवशी कसं सांगायचं? उद्या नक्की.

शुद्ध एकादशी

वनजा राजाराणी घेऊन निघाली. पाट इथेच राहिला. पाया पडताना हळूच म्हणाली, अप्पा, किडीला चोच कोरता येते होय? आईनं पाट उचलला तेव्हाच तिच्या बोटांना लागली होती. यांच्यासमोर तुमची मान खाली जाऊ नये म्हणून कीड म्हणाली. तुम्ही आपणहून सांगाल म्हणून सगळा दसरा वाट बघत होती.

गाडी वळेपर्यंत मी मान वर केली नाही.

संध्याकाळी स्वयंपाकघरात गेलो, सगळं सांगायचंच ठरवून. मग वाटलं, तिला ठाऊकच आहे. पुन्हा सांगून तिला दुखवायचं कशाला? उद्या शांतपणे बोलू.

पान मांडलेलं होतं. बसायला तोच पाट, कोरीव बाजू वर.

बसलो. तुळसीनं भात वाढला. आमटी वाढली. आणखी हवंय का विचारलं. मी साकु, पुरे, म्हणालो. आणखी काही सांगायचंय का, असंही विचारलं. मी मीठ मागितलं.

चोच खरोखरच उत्तम उठली आहे.