माझ्याशिवाय दमण होत नाही

१७ नोव्हेंबर, रविवार. रात्री ९

दमणहून परत. ट्रिप सुपरहिट. मितुलने मागच्या सीटवर ओकून ठेवलं, ते धुण्यात तास गेला. दाजींची इको व्हॅन सोमवार ते शनिवार शाळेची पोरं नेते, त्यामुळे वास राहून चालत नाही. फिनेल संपलं म्हणून आईचं अत्तर मारलं. आता गाडीला देवघर आणि बिअर असा मिश्र वास येतोय. पोरांना कळणार नाही.

मन मात्र प्रसन्न. वर्षापूर्वी माझा रविवार काय होता? आमच्या गोडादऱ्यात लोटूच्या टेम्पोच्या फाळक्यावर बसायचं, शेंगा खायच्या आणि त्याच्या सेठच्या तक्रारी ऐकायच्या. लोटू लहानपणापासूनचा. बमरोलीच्या मिलमधून मार्केटला कापडाच्या गाठी नेतो. माणूस चांगला, पण लेव्हल नाही. आता माझं सर्कल आहे. ऑफिसचे केदार, मितुल, प्राजक्ता, आणखी दोघं. सगळी अडाजण, वेसू अशा पॉश बाजूची माणसं. गुजरातेत दारूबंदी, म्हणून रविवारी दमण. आणि माझ्याशिवाय दमण होत नाही. हे मी म्हणत नाही, केदार म्हणतो.

मी स्वतः पीत नाही. आमच्या घराचा कोटा वडिलांनी संपवला आणि मग ते स्वतःही संपले. पण न पिता पार्टीत रंग भरणारा तोच खरा माणूस. म्हणजे मी तसा पार्टीत नसतो, पार्किंगला असतो. केदार म्हणतो, तू गाडीत झोप काढ, परतीचं चालवायचंय. सख्खा भाऊ इतकी काळजी घेत नाही.

प्राजक्ता आजही पुढे माझ्या शेजारी बसली. मागे जागा असताना. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

१८ नोव्हेंबर, सोमवार

दाजींचा फोन. पहिलीतल्या एका मुलीला सीटखाली बिअरचं झाकण सापडलं, तिने ते नेऊन बाईंना दिलं. दाजी म्हणाले, योगेंद्र, माझं पोट आहे या गाडीवर. मी म्हणालो, सोड्याचं असेल. मग ताईने फोन घेतला आणि वडिलांचं नाव काढलं. ते काढायची गरज नव्हती.

दाजींना सोशल लाइफ नाही, त्यामुळे असं होतं.

निश्चय: यापुढे सीटखाली टॉर्च मारायचा.

३० नोव्हेंबर, शनिवार

केदारचा मेसेज. काले दमण? यार तारा वगर नी चाले.

केदार घरी पक्का मराठी, पण दोस्तीत गुजराती बोलतो. उद्या दमण, तुझ्याशिवाय चालत नाही, असं स्पष्ट लिहिलंय. जेवताना आईला वाचून दाखवला. आईने भाकरी थापता थापता विचारलं, गाडी कोनी शे? म्हणजे कोणाची. आईचे प्रश्न असे विषय सोडून असतात.

दाजींना सांगितलं की आम्ही उनाईला दर्शनाला जातोय. दाजी म्हणाले, नारळ आण.

१ डिसेंबर, रविवार. संध्याकाळी

प्राजक्ताने स्वतः सोललेलं संत्रं दिलं. वलसाड येईपर्यंत खिडकी उघडी ठेवून, डोळे मिटून बसली होती. माझ्या शेजारी तिला शांत वाटतं. केदार बरोबर तिच्या मागे, तिच्या सीटच्या पाठीवर हात टाकून. त्याला पुढचा रस्ता बघायला आवडतो.

ग्रुप फोटोत मी नाही, कारण काढला मी. अँगल मलाच कळतो.

परतताना पोलीस चेकिंग. आत पाच जण आडवे. पकडले असते तर नाव माझं, परमिट दाजींचं. पोलिसाने मागची शाळेची पाटी वाचली आणि हात केला, जा. पुढे किती तरी वेळ मी दुसऱ्याच गिअरमध्ये चालवत होतो. मितुल जागा होऊन म्हणाला, टेन्शन नी लेवानु, आणि परत झोपला. तेवढ्याने बरं वाटलं.

उधन्याला रस्त्यावर नारळ घेतला. दाजींनी कपाळाला लावला. मी दुसरीकडे बघितलं.

८ डिसेंबर, रविवार

लोटू भेटला. सर्कलबद्दल सांगत होतो. त्याने विचारलं, त्यांच्यातल्या एकाचं तरी घर पाहिलंस का? मी म्हणालो, सगळ्यांची पाहिली, सोडायला मीच जातो. लोटू म्हणाला, आतून? मी विषय बदलला. जळतो तो, दुसरं काय.

पण एक विचार पक्का झाला. प्राजक्ताला मनातलं सांगायला हवं. हायवेवर सांगता येत नाही, ट्रक फार. दमणला ती टेबलावर आणि मी पार्किंगला. म्हणून निश्चय: बावीस तारखेला मी गाडी चालवणार नाही. सगळ्यांबरोबर बसणार आणि समुद्रावर तिला सांगून टाकणार. एका दिवसासाठी गाडी लोटूच्या हातात.

लोटू लगेच म्हणाला, दिवसाचं भाडं आणि जेवण. लहानपणीच्या मित्राने भाडं मागावं! केदारला भीत भीत सांगितलं. तो म्हणाला ओके. मला वाटलं होतं थोडी मनधरणी करेल.

२२ डिसेंबर, रविवार

लिहू नये असं वाटतंय. पण नोंद हवी.

सकाळी लोचो खाऊन निघालो. प्राजक्ता पुढे, लोटूच्या शेजारी. मी म्हणालो, मागे ये, गप्पा मारू. ती म्हणाली, मागे बसले की मला उलटी होते, पहिल्यापासून, तुला माहीत नव्हतं का? नव्हतं. मी पोरांच्या आखूड सीटवर, गुडघे छातीला. नवसारीच्या पुढे कळलं की मागे बसलं की मलाही होते. लोटूने गाडी बाजूला घेतली, पाणी दिलं, पाठ चोळली. प्राजक्ताने तोंड फिरवलं. आजचं संत्रं लोटूला मिळालं.

टेबलावर पहिल्यांदाच बसलो. त्यांचे सगळे विनोद आधीच्या ट्रिपांवरचे. त्या ट्रिपांना मी होतो, विनोदांना नव्हतो. मितुलने विचारलं, तू ऑफिसमध्ये एक्झॅक्टली काय करतोस? त्याची प्रवासाची बिलं दर महिन्याला मीच पास करतो. तसं सांगितलं. तो म्हणाला, ओह, नाइस. पुढे कोणी काही विचारलं नाही. मी लिंबू सोडा पीत बसलो. ग्लास रिकामा झाला तरी स्ट्रॉ तोंडातच ठेवली, म्हणजे काहीतरी चाललंय असं दिसतं.

मग केदार लोटूला जेवायला आत घेऊन आला. लोटू एरवी दोन घोट घेतो, पण स्टिअरिंग असेल त्या दिवशी शिवत नाही. पाण्याची बाटली पुढे घेऊन त्याने घाटात टेम्पोचे ब्रेक गेल्याची गोष्ट काढली. ती मी शंभरदा ऐकलीय. दर वेळी घाट वेगळा असतो. टेबल हसून हसून आडवं झालं. प्राजक्ताच्या डोळ्यांतून पाणी आलं.

सांगायचं ते राहिलं. समुद्रावर गेलो तर ओहोटी, नुसता चिखल.

मी बाहेर जाऊन गाडीत बसलो. खरं सांगायचं तर तिथे बरं वाटलं.

२४ डिसेंबर, मंगळवार

शांतपणे विचार केला. दोष रिकाम्या पोटी लोचो खाण्याचा. थोडा लोटूचा. ड्रायव्हरने इतकं बोलू नये, मी कधी बोललो नाही.

५ जानेवारी, रविवार

मेसेज नाही. मागच्या रविवारीही नव्हता. थंडीमुळे प्लॅन होत नसतील. आईच्या फोनवरून स्वतःला मेसेज करून पाहिला, आला.

परवा लिफ्टजवळ केदार भेटला. छान हसला. म्हणाला, लोटूभाई कसे आहेत?

लोटूभाई!

९ जानेवारी, गुरुवार

निश्चय: आता पुढाकार आपणच घ्यायचा. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, सगळ्यांना आमच्या गच्चीवर पतंग उडवायला बोलावलं. त्यांना गोडादरा दाखवायला आजवर लाज वाटायची. ती सोडली. केदारने अंगठा पाठवला. मितुलने पतंग पाठवला. प्राजक्ताने निळी खूण, म्हणजे वाचलं. तिघंही पक्के.

आई इतकी खूश झाली की तिने जिना पुसला. पूर्ण तीन मजले, शेजाऱ्यांचासुद्धा.

१४ जानेवारी, मंगळवार. उत्तरायण

आईने पहाटे उठून वांगी भाजली. दहा माणसांचं भरीत, कळण्याच्या पुऱ्या, ठेचा. मी गच्ची झाडली, स्पीकर आणला, भाड्याच्या खुर्च्या मांडल्या.

अकरापर्यंत कोणी नाही. आई जिन्यात येऊन विचारायची, तुना दोस्त कव्हय येतीन रे भाऊ? मी म्हणायचो, मांजाने गळे कापतात म्हणून आज बाइकला पूल बंद असतात, वळसा पडतो. पूल खरंच बंद असतात.

बाराला मितुलने फोन उचलला. मागे काप्यो छे, काप्यो छेचा आरडाओरडा. त्यात केदारचा आवाज. मग प्राजक्ताचा. सगळे केदारच्या मामाच्या गच्चीवर. त्यांचं आधीच ठरलेलं असणार आणि मला कसं सांगावं म्हणून संकोच झाला असणार. समजण्यासारखं आहे.

दोनला आई म्हणाली, भरीत थंडं हुई गयं. तिने पातेलं उचललं आणि गल्लीत वाटून आली. तिचा चेहरा बघवत नव्हता. रिकाम्या खुर्च्या मी एकात एक घालून ठेवल्या.

चारला लोटू आला. बोटांना पतंगाच्या दोरीने चिरा पडलेल्या. पातेल्याच्या तळाचं भरीत पुसून खाल्लं आणि आईला म्हणाला, मावशी, असं भरीत जळगावातसुद्धा नाही. आई जरा हसली. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. केदार. एकोणीसला दमण, येणार का, गाडी तुमच्या सेठची चालेल.

लोटूने फोनवर हात ठेवून मला विचारलं, जाऊ का? तू नको म्हण, नाही जात.

मी म्हणालो, जा की, मला काय. याला मोठं मन लागतं. वर हेही सांगितलं की प्राजक्ताला पुढे बसव.

१९ जानेवारी, रविवार

घरीच. दिवसभर आराम. आरामाची गरज होतीच. दाजींची इको दारात उभी, ती विनाकारण धुतली.

मितुलच्या स्टेटसला ग्रुप फोटो. मधोमध लोटू. अँगल चुकलाय.

२२ जानेवारी, बुधवार

ऑफिसात पेढे. केदार आणि प्राजक्ताचा साखरपुडा, ९ फेब्रुवारीला. दोन वर्षांपासून ठरलेलं होतं म्हणे. सगळ्यांना माहीत होतं. मितुल म्हणाला, तू तर दर ट्रिपला होतास. होतो. पण चालवणाऱ्याने रस्त्याकडे बघायचं असतं. केदारचा हात आरशात दिसायचा, नाही असं नाही. मी आरसा मागच्या ट्रकांसाठी वापरायचो.

दोघांचं अभिनंदन केलं. प्राजक्ता म्हणाली, थँक्यू, आणि लोटूभाईंना नक्की घेऊन या. पेढा चांगला होता. नंतर वॉशरूममध्ये जरा वेळ लागला. बाहेरून कोणी तरी दार वाजवलं, म्हणून निघावं लागलं.

२ फेब्रुवारी, रविवार

आमंत्रण ऑफिसला सरसकट, नोटीस बोर्डावर. लोटूला मात्र केदार स्वतः गोडादऱ्याला येऊन कार्ड देऊन गेला. लोटूची गल्ली आमच्या पुढची. म्हणजे आमच्या दारावरूनच गेला असणार. घाईत असेल.

जायचं नाही, असा निश्चय केला. लोटू म्हणाला, मी एकटा त्या माणसांत जाऊन काय करू, तू चल. तो म्हणतोय म्हणून जाणार. त्याच्यासाठी.

९ फेब्रुवारी, रविवार

अडाजणचा हॉल. लोटूने नवा शर्ट घातला होता, घडीच्या रेषा तशाच. त्याच्या सेठच्या गाडीतून गेलो.

दारात केदारची आई पाहुण्यांना पेढा आणि अत्तर देत होती. मला हसून विचारलं, आपण कोणाकडून? केदार शेजारीच उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, आई, हा आपला योगेंद्र, हा आपला... आणि थांबला. नाव त्याला आठवत होतं. पुढचा शब्द आठवत नव्हता. मी वाट बघत होतो. त्याची आईही वाट बघत होती. मागे रांग लागली. दमणला जाऊन यायला लागला नसता इतका वेळ लागला.

लोटू म्हणाला, काकू, हा माझा मित्र आहे. लहानपणापासूनचा.

केदारला सुटल्यासारखं झालं. म्हणाला, हां, लोटूभाईंचा मित्र. काकूंनी माझ्या मनगटाला अत्तर लावलं आणि म्हणाल्या, मग दोघं एकाच पंगतीला बसा.

बसलो. वाढप चांगलं होतं. बासुंदी मी दोनदा घेतली असती, पण पहिलीच वाटी तशीच राहिली. माझ्याबद्दल कोणी कोणाला असं सांगितलेलं मी आजवर ऐकलं नव्हतं. आणि सांगितलं कोणी, तर ज्याला मी लेव्हल नाही म्हणून महिना महिना भेटलो नव्हतो त्याने.

परतताना मी म्हणालो, आण चावी, मी चालवतो. लोटू म्हणाला, तुला कोणी सांगितलंय? गप बस.

मी गप बसलो. तापीचा पूल लागला तेव्हा रडू आलं, ते थांबेना. लोटूने बघितलं, गाण्याचा आवाज वाढवला आणि गोडादऱ्यापर्यंत तसाच ठेवला.