कोरडी चकती

सोमवार, ४ मार्च. सकाळ.
बायकोचा, यार्मिलाचा फोन. चार महिन्यांत पहिल्यांदाच आपणहून. शनिवारी दिवसभरासाठी प्रागला येते म्हणाली. घरी परतायचं की पिल्सेनला बहिणीकडेच राहायचं, ते मला बघून ठरवणार. मी सांगून टाकलं, बिअर सोडून पाच आठवडे झाले. तशी आजपासून सोडतोय, पण तारीख हा तपशील झाला.

संध्याकाळ.
‘तीन बदकं’ या कोपऱ्यावरच्या बिअरखान्यात फक्त शनिवारचं टेबल सांगायला गेलो. लुबोश तिथला जुना वेटर. न बसता निघालो असतो तर त्याला वाईट वाटलं असतं. तो विचारत नाही, ग्लास संपला की दुसरा ठेवतो. नको असेल तर ग्लासखालची पुठ्ठ्याची चकती ग्लासवर ठेवायची, की त्याला कळतं. पण आज चकती ओली होती. ओली चकती ठेवणं बरं दिसत नाही. चार झाल्या.

मंगळवार, ५ मार्च.
आजपासून नक्की. शनिवारचा प्रोग्रॅम आखला. दहाला चौकातलं घड्याळ, मग पूल, किल्ला, दोनला ‘तीन बदकं’त जेवण, बदक आणि कोबी. सत्तावीस वर्षं गाइड आहे, सगळ्या जगाला हे शहर दाखवलं, बायकोला एकदाही नाही. ही तिचीच तक्रार. शनिवारी मिटेल.

बुधवार, ६ मार्च.
पहाटेपासून जागा. तिच्या कोटाची खुंटी रिकामी आहे, तिकडे बघवत नाही. ती नाही आली तर मी काय करणार, मला खरंच माहीत नाही.
दुपारी लुबोशला बजावायला गेलो. शनिवारी ओळख दाखवायची नाही, पाणी आणायचं. तो म्हणाला, अरे ओल्दा, तुझ्यापुढे पाणी ठेवलं तर लोक अँब्युलन्स बोलावतील. त्याला पटवेपर्यंत पाच झाल्या.

शुक्रवार, ८ मार्च.
काल लिहिलं नाही. पेन धरवत नव्हतं, गारठ्याने. शर्टाला इस्त्री केली. तयारी शंभर टक्के.

शनिवार, ९ मार्च. दुपारी चार, स्टेशनवरचा बाक.
बरंचसं छान झालं. घड्याळापाशी सवयीने छत्री उंच धरली. ती म्हणाली, खाली घे ती, मी एकटीच आहे, हरवत नाही. तोवर पाच-सहा अनोळखी टुरिस्ट मागे लागले होते. पुलावर ती म्हणाली, ओल्दा, तू कसा आहेस ते सांग ना. मी म्हणालो, आता डावीकडे बघ.

लुबोशने शब्द पाळला, पाणी आणलं. मी ते घटाघटा संपवलं. रिकामा ग्लास दिसला आणि त्याचा हात सवयीने चालला. बिअर आली. मग दुसरी. मी मागितली नव्हती, हे तिनेही बघितलं. फक्त चकती ठेवायची होती. समोरच होती, कोरडी.
तिसरीला ती हळूच म्हणाली, पाच आठवडे, ना? आणि स्वतःच्या अर्ध्या ग्लासवर चकती ठेवली. लुबोशने विचारलं, वहिनी, अजून एक? ती म्हणाली, नको, मला पुरे झालं.
साडेतीनच्या गाडीने गेली. मागे वळून बघितलं नाही. गर्दी फार होती.

रविवार, १० मार्च.
चकती तिने स्वतःच्या ग्लासवर ठेवली, माझ्या नाही. म्हणजे माझ्यावर विश्वास आहे. आज तिला फोन करून सांगणार होतो की खरोखर सोडली. त्याआधी खरं करून दाखवावं म्हणून ‘तीन बदकं’त गेलो. एक संपवली आणि ग्लासवर चकती ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा.
लुबोश आला. कुणीतरी चुकून ठेवली असेल असं त्याला वाटलं. त्याने ती उचलून बाजूला केली आणि नवीन ग्लास ठेवला.
मी ग्लास उचलला.