मुळाशी लिहिलेलं नाव

४ मार्च
आले बाई एकदाची! प्रयोगशाळा गोठ्यांच्या रांगेला लागून आणि माझी खोली तिच्यासमोर, वरच्या मजल्यावर. घरमालकीण काकूंनी आल्या आल्या विचारलं, एवढं शिकूनसवरून शेवटी शेणातच हात घालायचे? म्हटलं, काकू, माणसांचंही तपासते! त्या हसत हसत ताटावरून उठल्या. त्यांची धाकटी चिमी मात्र पोट दुखतं म्हणून जेवलीच नाही.

९ मार्च
वासरं हगवणीनं मरताहेत, पोरंही आजारी. दोघांच्या पोटातले परजीवी एकाच वाणाचे आहेत का, हे जनुकांवरून ठरवायचं, हे माझं काम. पहिला नमुना चिमीचा आला, म्हणून तुलनेला तोच धरला. प्रयोगशाळेचे साहेब खडूस आहेत, पण कामाला वाघ.

१७ मार्च
जुळलं! वासरांत आणि पोरांत एकच वाण. आनंदाच्या भरात तक्ता बाहेरच्या फलकावर लावला. झाडासारख्या फांद्या, तुलनेचा नमुना मुळाशी. चिमीचं नाव झाकायचं राहूनच गेलं. गोठेवाले घोळक्यानं बघून गेले. लोकांना रस आहे म्हणून मला बरंच वाटलं.

१९ मार्च
आजारी कळप मारायचा हुकूम आला. गोठेवाल्यांनीच दांडक्यांनी वासरं मारली. एकाचा जबडा तुटून लोंबत होता, तरी ते उठायला बघत होतं. हात पुसत एकानं मला विचारलं, मुळाशी जिचं नाव, तिच्यापासूनच सगळं सुरू झालं ना? मी परोपरीनं सांगितलं की मुळाशी कोणालाही धरता येतं, कोणी कोणाला दिलं ते त्यात दिसत नाही. तो म्हणाला, वंशावळ आम्हालाही वाचता येते. मला त्याची फार भीती वाटली.

२० मार्च
सकाळी तक्ता फाडला. उशीर झाला होता. गोठेवाले चिमीचं घर विचारत आले. साहेब आडवे गेले. त्यांचं डोकं हौदाच्या कडेवर आपटलं. पुन्हा. पुन्हा. मी पळाले—

दुपार
काकू जिन्यात उभ्या आहेत. म्हणाल्या, पोरीला घे, आतून कडी लाव. खाली दांडकी— काकू ओरडताहेत.

आता ओरडत नाहीत.

दारावर कुऱ्हाड. चिमी मला घट्ट बिलगलीय. मी ओरडून सांगितलं, तो नमुना माझाच होता, नाव चुकून तिचं पडलं, मला न्या. साफ खोटं.

कुऱ्हाड थांबली.

मग कोणीतरी म्हणालं, म्हणजे दोघीही—

फळी निघाली. हात आत आला. चिमीचा पाय— सोडणार नाही, मी सोड