तीन पळ्या तीर्थ

३ जून, अड्यार
आज प्राणेशच्या घशातली नळी काढली. स्कूटरच्या अपघातानंतर अकरा दिवस तो यंत्रावर श्वास घेत होता. मी साताऱ्याहून पोचले ती या बातमीलाच. चार वाजता आत सोडलं. घोगऱ्या आवाजात म्हणाला, "ताई, किती पिकलीस गं!" नर्सला मराठी कळत नव्हती, तरी तीही हसली. आई-बाबा गेल्यापासून आम्ही दोघंच. त्याच्या भाड्याच्या खोलीत उतरले आहे. घरमालकीण सरोजाबाई तंजावरकडच्या. मराठी जुन्या वळणाची, मधूनच तमिळ. रसम-भात देऊन गेल्या. खिडकीशी देव मांडले. तांब्या आणि पळी घरून आणली आहे.

५ जून
गिळणं तपासायला संयुक्ता मॅडम आल्या. नळीमुळे घसा गिळायचं विसरलाय, तोंडातून पाण्याचा थेंबही द्यायचा नाही, असं त्यांनी बजावलं. जेवण नाकातल्या नळीतून. प्राणेश सारखा पाणी मागतो. मी ओल्या कापसाने ओठ पुसते.

७ जून
पूजेचं तीर्थ डबीत घालून नेलं. तीर्थाला कोण पाणी म्हणतं? नर्स वळल्यावर तीन पळ्या दिल्या. ठसका लागला नाही. गोड आहे, म्हणाला. आवाज तेवढा ओलसर झाला, भांड्यात पाणी हिंदकळावं तसा.

१० जून
ताप. न्युमोनिया. पुन्हा नळी. संयुक्ता मॅडम म्हणाल्या, काहींना ठसकाच येत नाही. पाणी गुपचूप फुप्फुसात उतरतं. तोंडातून काही दिलं होतं का, विचारलं. मी नाही म्हणाले.

१३ जून
प्राणेश गेला.

१४ जून
दिवा लावला. शेजारी त्याच्यासाठी तांब्याभर पाणी. दहाव्यापर्यंत ठेवायचं.

१७ जून
तांब्यातलं पाणी रोज कमी होतं. सरोजाबाई म्हणाल्या, उन्हाने आटत असेल. मी मोजून पाहिलं. तीन पळ्या.

१९ जून
भात उतरत नाही. सरोजाबाईंनी विचारलं, आवाज असा ओला का झालाय. सर्दी झालीय, म्हणाले.

२१ जून
भर दुपारी दिव्याशी कुणीतरी गिळतंय. घोट, मग ताई. घोट, मग ताई. मी सांगितलं त्याला— मीच दिलं रे— आणि नाही म्हणाले—

२२ जून
आज दहावा. रागावला नाही. तेच सोसवत नाही. तुलाही तहान असेल, म्हणतो— पळी भरलेली आहे— मी हात लावलेला नाही— ओठांना गार लागतंय— गोड आहे— दुसरी— ठसका येत नाही— तिस