चेनच्या वहीतलं शेवटचं वाक्य

बुधवार. दोहा.

स्टेडियमच्या साइटवरचा चिनी फोरमन चेन इंग्रजी शिकायला वहीत हिरव्या शाईनं वाक्यं लिहायचा. चहाच्या वेळी मी ती लाल पेनानं तपासायचो. शेवटचा आठवडाभर 'स्टिल' म्हणजे 'अजून' यावरच अडला होता. "मिस्टर जोशी, स्टिल राँग?" हसून विचारायचा. रविवारी मीच त्याला एअरपोर्टवर सोडलं. खलास, कायमचा गेला.

आज संध्याकाळी ऑफिसात एकटाच होतो. खणात त्याची वही सापडली. शेवटच्या पानावर आजची तारीख, हिरव्या शाईत इंग्रजी वाक्य: 'मिस्टर जोशी अजून ऑफिसात आहेत.'

गमतीनं आधीच लिहून ठेवलं असेल. पण त्याखाली माझी लाल टिक कशी? मी बोट फिरवलं, तर ती ओली होती.

घरी येऊन दोनदा हात धुतले. बोट अजून लाल आहे.