मोठं झालेलं काळीज

नाशिक, बुधवार, जानेवारी १९८३

तुळस बरी. मांजर बरी. शेजारच्या सकीनाभाभींचा गुडघाही बरा. विचारपूस करायला एवढेच उरलेत.

माझं? श्रावणात विषाणूच्या तापानं काळीज सुजलं, ते आजच्या छातीच्या फोटोतही मोठंच दिसलं. डॉक्टर म्हणाले, "ते मूळ आकाराला येईपर्यंत प्रवास बंद." म्हणजे मनमाडला लेकीकडे, सुमनकडे जाणंही राहिलं.

भाभींना सांगितलं, तर म्हणतात कशा, "अहो अण्णा, तुमचं काळीज पहिल्यापासूनच मोठं! त्याला फोटो कशाला?"

हसलो खरा. दार लावल्यावर मात्र वाटलं, एवढं मोठं काळीज घेऊन एकट्यानं करायचं काय?

सुमनला परवाच्या कार्डात नुसतं 'बरा आहे' कळवलंय. खरं इथं या वहीतच लिहितो. सुमे, काळीज लहान व्हायची वाट बघू नकोस गं. दोन ओळी लवकर धाड.